अक्काच्या किराणा वहीतला कर

रेशनच्या दुकानापुढे काट्यावरून भांडण लागले आणि गावातल्या एका बागायतदाराने माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, चार माणसांत सुनावले, "आमच्या टॅक्सावर फुकट खाता, अन् वर तोंड करून बोलता." ही गोष्ट २०२४ च्या उन्हाळ्यातली. अक्काने आपली पिशवी उचलली, घरी आली आणि संध्याकाळी मला विचारले, "आपुन सरकारला काईच देत न्हाई का रं? तू तर त्याच खात्यात व्हतास."

मी पस्तीस वर्षे विक्रीकर खात्यात काढली. कारकून म्हणून चिकटलो, २०२० साली निवृत्त झालो. व्यापाऱ्यांची विवरणपत्रे तपासली, थकबाकीच्या नोटिसा लिहिल्या. पण आपल्या घरातली बाई कर भरते काय, आणि भरत असेल तर किती, हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. अक्का चौथीतून शाळा सोडून मायसंगे कामाला गेली, म्हणून मी शिकलो. तेव्हा हा हिशेब मी तिला देणे लागत होतो. तो आता येथे जाहीरपणे देत आहे, कारण 'आमच्या करावर जगता' हे वाक्य केवळ माझ्या बहिणीलाच ऐकावे लागते असे नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्या पोरांना, घरकुलाच्या यादीत नाव असलेल्या म्हाताऱ्यांना, वसतिगृहात जेवणाऱ्या मुलींना ते रोज ऐकावे लागते. आणि आपल्यातले शिकले-सवरलेले लोकसुद्धा ते खाली मान घालून ऐकून घेतात. आपण खरोखरच काही देत नाही अशी त्यांचीही समजूत असते.

प्रथम अक्काची वही. गावातल्या दुकानात तिची उधारीची वही आहे. महिन्याचे सामान त्यात लिहिले जाते. त्यातला एक महिना मी उतरवून घेतला. अंगाचा साबण चार वड्या, चाळीस रुपये. दातांची पेस्ट वीस, डोक्याचे तेल वीस, नातवासाठी बिस्किटाचे पुडे पन्नास. हे झाले १३० रुपये. या चारही वस्तूंवर तेव्हा वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, १८ टक्के होता. किमतीतच मिसळलेला कर वेगळा काढायचा तर १३० ला ११८ ने भागून १८ ने गुणायचे. येतात १९ रुपये ८३ पैसे. पुढे चहापत्ती १००, साखर तीन किलो १२०, गोडेतेल तीन किलो ३९०, मसाला ६०. एकूण ६७०. त्यावर ५ टक्के, म्हणजे आतला कर ३१ रुपये ९० पैसे. शिवाय फोनचे रिचार्ज २३९ रुपये. हा फोन हौसेचा नव्हे. मुकादमाचा निरोप त्यावरच येतो आणि उद्या खुरपायला जायचे की नाही ते त्यावरच कळते. रिचार्जवर १८ टक्के. त्यातला कर ३६ रुपये ४६ पैसे. सारे मिळून ८८ रुपये. गावचा दुकानदार लहान असल्याने त्याची नोंदणी नसते, म्हणून त्याच्या स्वतःच्या नफ्यावर कर लागत नाही. त्यासाठी पाच-सात रुपये कमी धरायचे तर धरा. उरलेला कर वरच्या ठोक व्यापाऱ्याने भरून किमतीत घातलेलाच असतो. पावतीवर कर दिसत नाही याचा अर्थ तो लागत नाही असा नव्हे.

१,०३९ रुपयांच्या सामानात ८८ रुपये कर. वर्षाचे १,०५६. अक्काचा खुरपणीचा रोज अडीचशे. म्हणजे वर्षातले चार दिवस ती केवळ सरकारसाठी वाकून खुरपते. यात चप्पल नाही, लुगडे नाही, गोळ्या-औषधे नाहीत. चपलेची तर निराळीच कथा. हजार रुपयांच्या आतल्या पायताणावर ५ टक्के कर होता, तो जानेवारी २०२२ पासून १२ टक्के केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा ५ टक्क्यांवर आणला. मधल्या पावणेचार वर्षांत ज्यांनी चपला झिजवल्या त्यांना तो फरक कोणी परत देणार नाही. डिझेल व पेट्रोल तर जीएसटीच्या बाहेरच आहेत. त्यांच्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळे आणि राज्याचा मूल्यवर्धित कर वेगळा. तो कर टेम्पोच्या भाड्यातून मिठाच्या पुड्यापर्यंत पोचतो, मिठावर कर नसला तरी.

सप्टेंबर २०२५ च्या दरकपातीत साबण, पेस्ट, तेल, बिस्किटे १८ वरून ५ टक्क्यांवर आली हे खरे, आणि ते चांगलेच झाले. पण जुलै २०२२ मध्ये छापील पाकिटातल्या पीठ, तांदूळ, डाळींवर ५ टक्के कर बसवताना जी चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही हेही लक्षात ठेवावे. 

आता अर्थशास्त्राची एक साधी गोष्ट. कर दोन जातींचे असतात. (जात हा शब्द मी मुद्दाम वापरतो, आपल्याकडे करांनाही वर्ण आहेत.) एक प्रत्यक्ष कर, जो भरणाऱ्याच्या नावावर जमा होतो, आयकर हा त्यातला मुख्य. त्याला पावती असते, आकडा असतो, प्रतिष्ठा असते. 'करदाता' ही पदवी त्यालाच मिळते. दुसरा अप्रत्यक्ष कर. तो भरतो एक आणि जमा होतो दुसऱ्याच्या नावावर. साबणावरचा कर अक्काने भरला, पण सरकारदप्तरी तो कंपनीच्या आणि व्यापाऱ्याच्या नावावर पडला. व्यापाऱ्याला तर त्याने आधी दिलेल्या कराची वजावटही मिळते. साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला जो उभा असतो आणि ज्याला वजावट मागायला पुढे कोणीच नसते, त्याच्या डोक्यावर सगळे ओझे येऊन थांबते. गावगाड्यातली उतरंड ज्यांनी भोगली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

मग ज्या बागायतदाराने तोंड सोडले तो कोणता कर भरतो? त्याचा ऊस गोदावरीच्या कालव्यावर आहे. जमीन घरातल्या निरनिराळ्या नावांवर आहे. कमाल जमीनधारणेच्या कायद्यात बारमाही पाण्याच्या जमिनीला कुटुंबामागे १८ एकरांची मर्यादा घातली आहे, तेव्हा नावे पुष्कळ असणे सोयीचे असते. साबण आणि साखर तोही विकत घेतो, त्यावरचा कर तोही देतो. पण त्याच्या मिळकतीत तो कर दिसतसुद्धा नाही. ज्या 'टॅक्सा'चा त्याने उल्लेख केला तो आयकर तो भरत नाही. त्याने बुडवलेला नाही, चोरी केलेली नाही. कायद्यानेच त्याला माफ आहे. शेतीच्या उत्पन्नावर भारतात केंद्राचा आयकर नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात नव्हता आणि २०२५ साली जो नवा आयकर कायदा संमत झाला त्यातही ही सूट कायम राहिली. दहा गुंठ्यांची भाजी असो की दोनशे एकरांचा मळा, कायद्याला दोन्ही सारखेच.

ही माफी आली कोठून? १८६० साली जेम्स विल्सनने हिंदुस्थानात पहिला आयकर आणला तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यातून वगळलेले नव्हते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले. युक्तिवाद असा की, जमीन आधीच शेतसारा देते, तिच्यावर पुन्हा दुसरा कर नको. त्या काळी शेतसारा हा सरकारच्या उत्पन्नाचा मोठा खांब होता, म्हणून युक्तिवादात काही तरी तथ्य होते. तरीही १९२४-२५ च्या करचौकशी समितीने, ही सूट चालू ठेवण्यास ना इतिहासाचा आधार आहे ना तत्त्वाचा, अशा अर्थाचा निष्कर्ष काढला होता. १९३५ च्या कायद्याने शेती उत्पन्नावरील कर प्रांतांकडे सोपवला, आणि १९३८ मध्ये बिहारने तो पहिल्यांदा लावला. आपल्या राज्यघटनेतही सातव्या परिशिष्टाच्या राज्यसूचीत तो शेहेचाळिसावा विषय आहे. म्हणजे केंद्र म्हणते, हा आमचा अधिकार नाही. आणि राज्ये म्हणतात, अधिकार आमचा आहे पण इच्छा नाही. चहा-कॉफीच्या मळ्यांवर काही राज्यांनी तो लावला. उसाला, द्राक्षाला, कपाशीला हात लावण्याचे धाडस सहसा कोणी केले नाही. का, ते विधानसभेत कोण बसते हे पाहिले की कळते.

गंमत अशी की ज्या शेतसाऱ्याच्या नावावर ही माफी मिळाली, तो सारा मधल्या काळात आटून गेला. आकारणी जुनीच राहिली, रुपया मात्र घसरत गेला. आज तुमच्या गावातला कोणताही आठ-अ चा उतारा काढून आकाराचा रकाना पाहा. तेथे रुपये-पैशांत जो आकडा दिसेल त्यात एक कप चहा येईल की नाही याची शंका वाटावी. कारण संपले, सवलत उरली.

येथे बाबासाहेबांची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिचा दोन्ही बाजूंनी गैरवापर होऊ शकतो. सार्वजनिक वित्त हा त्यांचा मूळ विषय. १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ हा याच शास्त्रातला. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावरच बोट ठेवले होते. आयकराला किमान मर्यादा आहे, तिच्या खाली उत्पन्न असलेल्याला तो द्यावा लागत नाही. पण सारा मात्र पीक येवो न येवो, जमीन एकर असो की शंभर एकर, सगळ्यांनी द्यायचा. हा अन्याय आहे, कर ऐपतीप्रमाणे असावा, हे त्यांचे म्हणणे होते. आता कोणी म्हणेल, पाहा, आंबेडकरांचाही शेतकऱ्यावरच्या कराला विरोध होता. विरोध होता तो ऐपत न पाहणाऱ्या कराला. आज चाक उलटे फिरले आहे. ऐपत न पाहता तेव्हा वसुली होत होती, आज ऐपत न पाहता माफी होते. आणि ऐपत न पाहणारी ती जुनी वसुली शेतातून उठून किराणा दुकानात जाऊन बसली आहे. साबणाच्या वडीला किमान मर्यादा नसते.

आपल्या लोकांचा कराशी संबंध आला तो फार जुना आणि फार कडू. गावचा सारा गोळा झाला की तो तालुक्याच्या खजिन्यात पोचवण्याचे काम महाराकडे असे. नगर जिल्ह्यात म्हातारी माणसे हे सांगत: पैशाची थैली जपत रानावनातून चालत जायचे, थैलीला काही झाले तर जिवाशी गाठ, आणि मोबदला म्हणजे वतनाच्या जमिनीचा तुकडा व बलुत्याची भाकर. ज्याच्या खांद्यावरून सरकारचा महसूल गेला त्याच्या नावावर महसूल कधी लागला नाही. वेठ हा करच होता. तो पैशाऐवजी अंगाने घेतला जाई. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली तेव्हा एक कर रद्द झाला असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात कोणी लिहिले नाही, पण झाले ते तेच.

त्यातही वतनाच्या जमिनीवर जुडी नावाचा सारा असे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने ती जुडी वाढवली. म्हणजे आधी चोवीस तासांची चाकरी घ्यायची, तिच्या मोबदल्यात दिलेल्या तुकड्यावर पुन्हा कर चढवायचा. १९३९ साली हरेगावला आणि १९४१ साली सिन्नरला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदा झाल्या त्या याच प्रश्नावर. दलितांच्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण पाण्याचे आणि मंदिराचे सत्याग्रह सांगतो, ते सांगितलेच पाहिजेत; पण अन्यायी कराविरुद्ध महार, मांग आणि वेठिया एकत्र उभे राहिले होते, ही गोष्ट आपल्याच तरुणांना ठाऊक नसते. कर हा आपला विषय नाही असे म्हणणाऱ्यांनी हरेगावला एकदा जाऊन यावे.

आता उपायाकडे. उपाय कोणाला सुचला नव्हता असे नाही. १९७२ साली केंद्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखाली शेतीची संपत्ती आणि उत्पन्न यांवरील कराचा विचार करण्यासाठी समिती नेमली. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. तिची योजना मला आजही शहाणपणाची वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे हिशेब कोण ठेवणार, हा नेहमीचा आक्षेप. समिती म्हणाली, हिशेब मागूच नका. प्रत्येक टापूत अमुक जमिनीत, अमुक पाण्यावर, अमुक पीक सरासरी किती येते हे सरकारजवळ असतेच. त्या सरासरीला अलीकडच्या वर्षांतल्या भावाने गुणा, लागवडीचा खर्च व घसारा वजा करा. जे राहील ते त्या धारण-जमिनीचे करपात्र मूल्य. ते कुटुंबामागे एकत्र धरा, म्हणजे पाच नावांवर जमीन वाटून कर चुकवता येणार नाही. आणि जे मूल्य पाच हजारांच्या वर असेल त्यावरच कर घ्या. दर कसा? मूल्य जितके हजार, त्याच्या निम्मे टक्के. दहा हजार मूल्य असेल तर पाच टक्के, वीस हजार असेल तर दहा टक्के. लहानाला काही नाही, मोठा जसजसा मोठा होत जाईल तसतसा दर आपोआप चढेल. शिवाय सरासरीवर कर असल्याने जो कष्ट करून सरासरीपेक्षा जास्त पिकवील त्याचे वरचे पीक त्यालाच. आणि जो जमीन पडीक ठेवील त्याला मात्र कराची टोचणी.

योजना कागदावर राहिली. महसूल राज्यांचा, राज्ये बागायतदारांची. १९७३ च्या वित्त कायद्याने तिच्यातली एक शेपटी तेवढी घेतली: ज्याला करपात्र असे बिगरशेती उत्पन्न आहे, त्याचे शेतीउत्पन्न दर ठरवण्यापुरते त्यात मिळवायचे. म्हणजे नोकरी किंवा धंदा करून शेती करणाऱ्याचा आयकराचा दर जरा चढतो. निव्वळ शेतीवाल्याला, मग तो कितीही मोठा असो, काहीच नाही. २००२ साली विजय केळकर यांच्या कृतिगटानेही हा प्रश्न पुन्हा उकरला. पुन्हा तेच झाले.

यातून आणखी एक वाट फुटली. शेतीचे उत्पन्न करमुक्त, तेव्हा दुसरीकडे मिळवलेला पैसा शेतीचा म्हणून दाखवला की तोही धुतला जातो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात दाखवून दिले की, जमिनीची व पिकाची पुरेशी कागदपत्रे न पाहताच अशी सूट दिल्याची प्रकरणे थोडीथोडकी नाहीत. मी स्वतः अशा नावांच्या फायली पाहिल्या आहेत की ज्यांचे दुकान शहरात आणि टोमॅटो फक्त विवरणपत्रात पिकत. एकरी उत्पन्न असे की कृषी विद्यापीठाने जाऊन पाय धरावेत!

मी हे लिहितो तेव्हा शेतकरीविरोधी म्हणून शिव्या बसतील हे मला ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रातला सरासरी खातेदार २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे सुमारे १.३४ हेक्टरचा मालक आहे, म्हणजे सव्वातीन-साडेतीन एकरांचा. त्याच्यावर कर बसवावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आणि बसवला तरी तो त्याला लागणार नाही: २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या माणसाला आयकर पडत नाही. शेती आणि पगार यांना एकच माप लावले तरी कोरडवाहू शेतकरी सुटलेलाच आहे. मग या माफीचा खरा लाभ कोणाला? बारा लाखांच्या वर निव्वळ कमाई असणाऱ्यालाच. आत्महत्या करतो कोरडवाहूवाला, आणि त्याचा फोटो पुढे धरून कर वाचवतो मळेवाला.

आणि लहान शेतकऱ्याकडून सरकार घेत नाही असेही नाही. त्याच्यावरच्या कराला कर म्हणत नाहीत एवढेच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली ती मे २०२४ पर्यंत. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून नाशिक-नगरच्या शेतकऱ्याच्या भावातून जे कापले गेले ते अंदाजपत्रकाच्या कोणत्याही पानावर नाही. त्यात दोन एकरांवर कांदा करणारे आपलेही लोक होते. तेव्हा 'शेतकरी' हा एकच शब्द सगळ्यांवर पांघरून बोलणे सोडले पाहिजे. १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर लिहिताना बाबासाहेबांनी, तुकडा लहान आहे की मोठा यापेक्षा त्याच्याबरोबर भांडवल आणि अवजारे किती आहेत ते पाहा, असे सांगितले होते. तेच माप करालाही लावावे.

आता दुसरी बाजू, खर्चाची. कर कोणाकडून येतो इतकेच पाहून भागत नाही, जातो कोणाकडे हेही पाहिले पाहिजे. रासायनिक खतावरचे अनुदान घ्या. २०२२-२३ मध्ये केंद्राने त्यावर अडीच लाख कोटींच्या घरात खर्च केला. हे अनुदान गोणीमागे मिळते; ज्याच्याकडे जमीन आणि पाणी जास्त त्याच्या गोण्या जास्त. २०२४ मध्ये महाराष्ट्राने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत केली; पंप असेल त्याला, विहीर असेल त्याला. २०१९ पासूनचा केंद्राचा किसान सन्मान निधी, वर्षाला ६,००० रुपये, आणि २०२३ मध्ये राज्याने त्याला जोडलेले आणखी ६,००० हे जमीन नावावर असलेल्या कुटुंबांसाठी. शेत अर्धलीने करणारा त्यात नाही, खुरपणारी त्यात नाही. २००८, २०१७, २०१९ च्या कर्जमाफ्या बँकेच्या पीककर्जाच्या. अक्काचे कर्ज मुकादमाचे आणि बचतगटाचे, त्याला माफी नसते. २०११ च्या जनगणनेत देशात शेती करणारे ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख होते. संख्येने मजूर जास्त, पण 'शेती' या शीर्षाखालचा पैसा जमिनीच्या सातबाऱ्यामागून जातो, आणि सातबारा पिढ्यानपिढ्या कोणाकडे नव्हता हे सांगण्याची गरज नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच मुळावर घाव होता. त्यांच्याच नावाने २००४ साली भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना निघाली. योजनेत जमीन विकत घेऊन द्यायची आहे. सरकारी दरात जमीन विकायला पुढे कोण येतो, हा प्रश्न गावात राहणाऱ्याला विचारा.

उसाचेच पाहू, म्हणजे आमच्या गावचेच. सहकारी साखर कारखान्यांनी सभासदांना किमान भावाच्या वर दिलेली रक्कम हा खर्च की नफ्याचे वाटप, यावर आयकर खाते आणि कारखाने यांचा वाद वर्षानुवर्षे चालला होता. फेब्रुवारी २०२३ च्या अंदाजपत्रकात जुन्या वर्षांसाठीही तो खर्च मानण्याची तरतूद झाली आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. मी याला सरसकट अन्याय म्हणणार नाही. उसाचा भाव हा खर्चच आहे. पण त्याच उसाला ज्यांचा कोयता लागतो, त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने जे कल्याण महामंडळ झाले, त्याला टनामागे कारखान्याने दहा रुपये आणि तितकेच राज्याने द्यायचे आहेत. एकीकडे दहा हजार कोटी, एकीकडे टनाला दहा रुपये. दोन्ही आकडे दहाचे!

कर आणि खर्च यांची नीट सांगड घातल्याचे एक उदाहरण मात्र याच महाराष्ट्राने घालून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी माय खडी फोडायला जात होती. बारा वर्षांची अक्का तिच्या शेजारी बसून बारीक हातोडी चालवायची. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमी योजना पुढे कायद्यात आली: १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिच्या पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचे, मोटारीवर, विक्रीकरावर, ओलिताच्या जमिनीवर अधिभार घ्यायचा, आणि जितके जमा होईल तितकेच राज्याने आपले घालायचे. खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी असा नाव लावून घेतलेला कर देशात दुसरीकडे मला आढळला नाही. पुढे माझ्या पगारातूनही तो कापला जाऊ लागला. शेवटच्या वर्षांत महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. इतर कारकून कुरकुरत. मला मात्र त्या कापलेल्या पैशाचे कधी वाईट वाटले नाही. मायने फोडलेल्या खडीचे थोडे तरी फिटते आहे असे वाटे.

पण तेथेही मेख होतीच. जमा झालेला सगळा पैसा कामांवर खर्च होत नाही ही तक्रार जुनी. आणि जी कामे झाली त्यांत पाझर तलाव पुष्कळ. मजुरांनी माती उचलली, मजुरी घेतली, घरी गेले. तलावात पाणी साठले आणि खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्या विहिरींना उमाळे फुटले. ज्याने अक्काला फुकट खाणारी म्हटले त्याची विहीर अशाच एका तलावाच्या खाली आहे. त्या तलावाच्या भरावावर अक्काने लग्नाआधी दोन उन्हाळे पाट्या वाहिल्या आहेत.

हा सगळा हिशेब मी अक्काला वही पुढे ठेवून समजावून सांगितला. राज समिती तिला फारशी कळली नाही, पण साबणातला दीड रुपया तिला लगेच कळला. तिने बोटांवर वर्ष मोजले आणि विचारले, "म्हंजी चार रोज?" मी म्हटले, चार रोज, कमीत कमी. पुढच्या महिन्यात रेशनच्या रांगेत तो माणूस दिसला तेव्हा ती त्याला काय म्हणाली ते शेजारणीने मला सांगितले. "आण्णा, तुमची टॅक्साची पावती आणा, मी माझी किराणाची वही आणते." तो हसला आणि काही न बोलता पुढे गेला. काटा अजून तसाच आहे. त्याचा अर्ज तहसीलदाराकडे मी दिला आहे.